इम्गबर्न: डिस्क वाया गेली तर दोष कुणाचा, हे सांगणारा म्हातारा प्रोग्राम

कोरी डिस्क (सीडी किंवा डीव्हीडी) ट्रेमध्ये गेली, पाच-सहा मिनिटं घरघर झाली आणि शेवटी ‘डिस्क लिहिताना अडचण आली’ एवढंच वाक्य पडद्यावर उमटलं. आता पुढे काय करायचं? बहुतेक जण दुसरी डिस्क घालतात आणि तीही वाया घालवतात. विंडोजमधली डिस्क लिहायची सोय नेमकी याच ठिकाणी हात वर करते. काम बिघडलं, एवढंच ती सांगते. डिस्क वाईट होती, ड्राइव्ह थकलाय की मधली केबल दगा देतेय, यातलं काहीच तिच्याकडून कळत नाही. इम्गबर्न हा प्रोग्राम आजही ठेवावा तो याच एका गुणासाठी: तो काय घडलं ते ओळीओळीने लिहून ठेवतो.

इम्गबर्न फुकट आहे, आकाराने किरकोळ आहे आणि जुना आहे. शेवटची आवृत्ती २.५.८.० जून २०१३ मध्ये आली. तरी विंडोज १० आणि ११ वर तो कुरकुर न करता चालतो, कारण ड्राइव्हला द्यायच्या आज्ञा तेव्हापासून बदललेल्याच नाहीत. इन्स्टॉल करताना मात्र डोळे उघडे ठेवा. याच्या इन्स्टॉलरसोबत जाहिरातबाज प्रोग्राम गळ्यात मारण्याचे प्रकार झालेले आहेत. ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत सुटू नका. ‘कस्टम’ निवडा आणि प्रत्येक पडद्यावरची नको ती खूण काढा.

उघडल्यावर सहा मोठी बटणं दिसतात, त्यातली दोनच रोज लागतात. तयार आयएसओ फाइल (अख्ख्या डिस्कची एका फाइलीतली प्रत, म्हणजेच इमेज) असेल तर ‘राइट इमेज फाइल टू डिस्क’, सुटे फोल्डर असतील तर ‘राइट फाइल्स/फोल्डर्स टू डिस्क’. नवख्यांची पहिली चूक इथेच होते. आयएसओ फाइल दुसऱ्या बटणात टाकली की डिस्कवर ती एकच फाइल जशीच्या तशी जाऊन बसते आणि त्या डिस्कवरून कॉम्प्युटर काही सुरू होत नाही. बर्न, म्हणजे डिस्क लिहिणं, फसलेलं नसतं, चुकीचं काम अगदी व्यवस्थित पार पडलेलं असतं. अशा वेळी लॉगमध्ये, म्हणजे त्या ओळीओळीच्या नोंदीत, चूक शोधून उपयोग नाही.

उजवीकडची बारीक अक्षरं

कोरी डिस्क घालून लिहिण्याच्या पडद्यावर गेलं की उजव्या बाजूला बारीक अक्षरांत बरीच माहिती येते. घाईत तिच्याकडे कुणी बघत नाही, पण अर्ध्या अडचणी तिथेच ओळखता येतात.

आधी ‘डिस्क आयडी’ पाहा. डब्यावरचं नाव विकणाऱ्याचं असतं, आयडी कारखान्याचा. ‘एमसीसी ००४’ म्हणजे मित्सुबिशी केमिकलची १६एक्स (मूळ वेगाच्या सोळापटीने लिहिता येणारी) डीव्हीडी+आर, जी वर्बॅटिमच्या डब्यात मिळायची. ‘टीवायजी०३’ म्हणजे तायो युडेनची १६एक्स डीव्हीडी-आर (‘+आर’ आणि ‘-आर’ हे एकदाच लिहिता येणाऱ्या डीव्हीडीचे दोन प्रकार). ‘सीएमसी मॅग एम०१’ म्हणजे सीएमसी मॅग्नेटिक्सची १६एक्स डीव्हीडी+आर. गंमत अशी की तायो युडेनने २०१५ मध्ये हा धंदा गुंडाळला, मित्सुबिशीने वर्बॅटिमचा डिस्कचा व्यवसाय २०१९ मध्ये सीएमसीला विकला आणि सोनीने कोऱ्या ब्ल्यू-रेचं उत्पादन फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबवलं. त्यामुळे ‘या नावाच्या डिस्क आधी छान चालायच्या’ हा युक्तिवाद आता फारसा टिकत नाही. डबा तोच दिसला तरी आतला माल तोच असेल असं नाही.

आयडीला एवढं महत्त्व का, तर ड्राइव्हच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे त्याच्या आतच बसवलेल्या प्रोग्राममध्ये, आयडींची एक यादी असते. कुठल्या डिस्कवर लेझर किती ताकदीने आणि किती काळ मारायचा, हे त्या यादीवरून ठरतं. आयडी ओळखीचा नसेल तर ड्राइव्ह एक सर्वसाधारण मात्रा लावतो, आणि ती लागू पडेलच असं नाही. एकाच डब्यातल्या डिस्क एका ड्राइव्हवर सुरळीत लिहिल्या जातात आणि दुसऱ्यावर एकामागून एक वाया जातात, त्याचं कारण हेच. ड्राइव्ह बनवणाऱ्याने नवं फर्मवेअर दिलं असेल तर ते टाकून पाहावं, कारण ही यादी त्यातूनच वाढते.

मग सेक्टरचा, म्हणजे डिस्कवरच्या कप्प्यांचा, आकडा. कोऱ्या डीव्हीडी-आरवर २२,९८,४९६ सेक्टर असतात, तर डीव्हीडी+आरवर २२,९५,१०४. एक सेक्टर २,०४८ बाइटचा, म्हणजे दोघींत जवळपास ७० लाख बाइटचा फरक. डीव्हीडी-आरसाठी काठोकाठ बनवलेली इमेज डीव्हीडी+आरवर मावत नाही, ती यामुळे. ‘४.७ जीबी’ लिहिलेल्या डिस्कवर ४.५ जीबीचं फोल्डर का जात नाही, हा प्रश्नही इथेच सुटतो. डब्यावरचा जीबी १०० कोटी बाइटचा आहे, विंडोज मात्र १,०२४ च्या पटीत मोजतं. विंडोजच्या मापाने ती डिस्क ४.३८ जीबीचीच.

स्पीड: सगळ्यात जास्तही नको, सगळ्यात कमीही नको

‘शक्य तितक्या कमी स्पीडने लिहा’ हा सल्ला सीडीच्या सुरुवातीच्या काळातला आहे आणि तो अजून फिरतोय. १६एक्ससाठी बनवलेल्या डिस्कचा रंगद्रव्याचा थर वेगवान लेखनासाठी जुळवलेला असतो. त्यावर १एक्स किंवा २एक्सने लिहिलं तर निकाल उलट बिघडू शकतो. १६एक्सच्या डीव्हीडीला ८एक्स द्यावा, साधारण आठ मिनिटांत काम होतं. १६एक्सने साडेपाच-सहा मिनिटं लागतात. वाचलेली दोन मिनिटं एका वाया गेलेल्या डिस्कइतकी मोलाची नाहीत.

त्यातून १६एक्स हा पूर्ण डिस्कभर नसतोच. डिस्क एकाच गतीने गरगरत राहते, त्यामुळे आतल्या कडेला लेखन सात-एक एक्सने सुरू होतं आणि बाहेरच्या कडेला १६एक्सला पोचतं. बाहेरची कडा हीच डिस्कची कमकुवत बाजू. थर तिथे असमान असण्याची शक्यता जास्त, डिस्क किंचित वाकलेली असेल तर तो वाकही तिथेच जाणवतो, आणि नेमका तिथेच वेग सर्वांत जास्त. बर्न ९० टक्क्यांनंतर फसत असेल तर पहिला संशय स्पीडवर आणि दुसरा डिस्कवर घ्यावा.

इम्गबर्नमध्ये स्पीड निवडला तरी ड्राइव्ह तो मानेलच असं नाही. लॉगमध्ये ‘राइट स्पीड मिसकम्पेअर’ असा इशारा आला, तर तुम्ही मागितलेला स्पीड या डिस्कसाठी ड्राइव्हने नाकारलाय आणि स्वतःच्या मनाने दुसरा लावलाय. ‘सपोर्टेड राइट स्पीड्स’च्या ओळीत जे आकडे आहेत त्यांतूनच निवडलं की हा घोळ होत नाही. टूल्स मेनूत ‘ऑटोमॅटिक राइट स्पीड’ नावाची सोय आहे. तिथे अमुक आयडीच्या डिस्कला अमुक स्पीड असं एकदा नोंदवलं की पुढे डिस्क ओळखून तो स्पीड आपोआप लागतो. इतकी कामाची सोय मेनूच्या इतक्या आत का दडवली, हे बनवणाऱ्यालाच ठाऊक.

लॉग कसा वाचायचा

प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक अक्षर असतं: ‘आय’ म्हणजे नुसती माहिती, ‘डब्ल्यू’ म्हणजे इशारा, ‘ई’ म्हणजे चूक. खिडकी बंद केली तरी लॉग हरवत नाही, ‘हेल्प’मधल्या ‘इम्गबर्न लॉग्ज’मध्ये सगळे जुने बर्न तारखेसकट मिळतात. वाचताना वरून खाली येत पहिल्या ‘डब्ल्यू’वर थांबा. खाली ‘ई’ची रांग लागलेली असली तरी ती बहुधा त्या पहिल्या इशाऱ्याचीच पिलावळ असते.

‘पॉवर कॅलिब्रेशन एरिया एरर’ ही सर्वांत जास्त भेटणारी चूक. लिहिण्याआधी ड्राइव्ह डिस्कच्या आतल्या कडेला राखून ठेवलेल्या पट्टीवर लेझरची ताकद कमी-जास्त करून चाचणी घेतो. योग्य ताकद सापडली नाही की ही चूक येते आणि बर्न शून्य टक्क्यांवरच थांबतं. प्रोग्रामची पुनर्स्थापना करून यात काडीचाही फरक पडत नाही. क्रम असा ठेवा: आधी वेगळ्या आयडीची डिस्क, नुसता वेगळा डबा नव्हे. मग एक पायरी वेगळा स्पीड. सेटिंग्जच्या ‘राइट’ पानावर ‘परफॉर्म ओपीसी बिफोर राइट’वर (ओपीसी म्हणजे लेझरच्या ताकदीची चाचणी) खूण असेल तर ती काढा. मग फर्मवेअर. तरीही जमेना, तर लेन्स धुळीने भरलेली असेल. ब्लोअरने हवा मारा, कापसावर काहीतरी लावून घासू नका, कारण ती लेन्स केसासारख्या तारांवर तरंगत असते. तीन-चार वेगवेगळ्या आयडींच्या डिस्कवर हीच चूक आली तर लेझर थकलाय. ‘पण सीडी तर छान लिहितो’ हा बचाव इथे चालत नाही. सीडीला ७८० नॅनोमीटरचा लेझर लागतो, डीव्हीडीला ६५० चा. एक गेला तरी दुसरा ठणठणीत असू शकतो.

‘राइट एरर’ मध्येच कुठेतरी आली तर तिच्या सोबतचा सेक्टरचा आकडा टिपून ठेवा. तीन डिस्क तीन वेगळ्या ठिकाणी फसल्या तर केबल, वीज किंवा ड्राइव्ह. तिन्ही जवळपास एकाच टप्प्यावर फसल्या तर डिस्कचा तो गठ्ठा. ड्युअल लेयर (दोन थरांची, ‘डीएल’) डिस्क ५० टक्क्यांच्या आसपास फसली तर लेझर पहिल्या थरावरून दुसऱ्यावर उडी मारताना अडखळलाय. डीव्हीडी+आर डीएलच्या एका थरात २०,८६,९१२ सेक्टर असतात, त्याच्या आसपासचा आकडा दिसला की ओळखावं. स्वस्त ड्युअल लेयर डिस्क इथे हमखास तोंडघशी पाडतात. या एका प्रकारात डिस्कवर काटकसर करू नये.

‘सेशन फिक्सेशन एरर’मध्ये डेटा सगळा लिहिला जातो, पण शेवटचं दार लागत नाही. अशी डिस्क लगेच कचऱ्यात टाकू नका. टूल्समधल्या ‘ड्राइव्ह’ मेनूत ‘क्लोज’चे पर्याय आहेत, ते एकदा करून पाहा. प्रत्येक वेळी जमत नाही, पण गमावण्यासारखं तसंही काही उरलेलं नसतं. आणि चूक आल्यावर जी ‘रिट्राय’ची खिडकी उघडते तिच्यावर फार भिस्त ठेवू नका. एकदाच लिहिता येणाऱ्या डिस्कवर जिथे लेझर फसला, तिथे दहादा ‘रिट्राय’ दाबूनही क्वचितच काही हाती लागतं.

दोन पट्ट्या

बर्न चालू असताना खाली दोन पट्ट्या हलत असतात: ‘बफर’ आणि ‘डिव्हाइस बफर’. पहिली कॉम्प्युटरच्या मेमरीतली, दुसरी ड्राइव्हच्या आतली. वरची आधी रिकामी होऊ लागली तर माल मागूनच येत नाहीये: मूळ फाइल संथ पेनड्राइव्हवर किंवा नेटवर्कवर आहे, नाहीतर अँटिव्हायरस त्याच वेळी हार्ड डिस्क ढवळतोय. फाइल आधी आतल्या डिस्कवर उतरवून घ्या. वरची पट्टी भरलेली आणि खालची मात्र सारखी खाली-वर होत असेल, तर माल आहे पण रस्ता अरुंद आहे, म्हणजे केबल, पोर्ट किंवा यूएसबी हब. १६एक्सला सेकंदाला साधारण २२ एमबी अखंड लागतात, आणि यूएसबी २.० च्या एकाच हबवर दुसरं काही चालू असलं की तेवढे मिळतीलच असं नाही. बफर रिकामा झाला म्हणून हल्ली डिस्क वाया जात नाही, ड्राइव्ह लेखन थांबवून पुन्हा तिथूनच जोडतो. पण अशी थांबाथांबी पन्नासदा झालेली डिस्क जपून ठेवायच्या कामाची मानू नये.

बाहेरून लावायच्या सडपातळ ड्राइव्हची तर वेगळीच रड. बर्न मध्येच तुटतं, ड्राइव्ह यादीतून गायब होतो आणि पुन्हा उगवतो. हा सॉफ्टवेअरचा दोष नाही, विजेचा आहे. यूएसबी २.० चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो आणि लिहिताना लेझर व मोटर मिळून त्याहून जास्त ओढू शकतात. हब काढा, डेस्कटॉपच्या पुढच्या पोर्टऐवजी मागचा वापरा, ड्राइव्हसोबत दोन तोंडांची केबल आली असेल तर दोन्ही तोंडं लावा. अशा ड्राइव्हवर ‘इनव्हॅलिड फील्ड इन सीडीबी’ ही चूक वरचेवर आली तर बहुधा ड्राइव्ह बसवलेल्या बाहेरच्या डबीतली सस्ती यूएसबी चिप ड्राइव्हला आज्ञा धड पोचवत नाहीये. डबी बदलणं हाच इलाज.

ड्राइव्ह इम्गबर्नमध्ये आणि विंडोजमध्ये, दोन्हीकडे दिसत नसेल आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्यावर पिवळी खूण असेल, तर जुन्या बर्निंग प्रोग्रामांनी मागे सोडलेले फिल्टर ड्रायव्हर (विंडोज आणि ड्राइव्ह यांच्या मध्ये बसणारे छोटे प्रोग्राम) आठवावेत. टूल्समधल्या ‘फिल्टर ड्रायव्हर लोड ऑर्डर’मध्ये त्यांची यादी मिळते. कुठला ड्रायव्हर कुठल्या प्रोग्रामचा आहे ते पाहून तो प्रोग्राम नीट अनइन्स्टॉल करा. रजिस्ट्रीतल्या ‘अप्परफिल्टर्स’ आणि ‘लोअरफिल्टर्स’ या नोंदी हाताने काढायची वेळ आलीच तर आधी रजिस्ट्रीची प्रत ठेवा आणि काढून झाल्यावर कॉम्प्युटर रीस्टार्ट करा.

व्हेरिफाय

‘व्हेरिफाय’ची (लिहिलेलं पुन्हा वाचून मूळ फाइलशी ताडून पाहण्याची) खूण काढून वेळ वाचवणं म्हणजे परीक्षा देऊन निकाल न पाहणं. खूण असेल तर बर्न संपल्यावर ट्रे एकदा बाहेर येऊन आत जातो, म्हणजे ड्राइव्ह डिस्क नव्याने ओळखतो. लॅपटॉपचा ट्रे स्वतःहून आत जात नाही, तो हाताने ढकलावा लागतो. कित्येक जण ट्रे बाहेर आला की काम झालं समजून डिस्क काढून घेतात.

व्हेरिफायमध्ये दोन प्रकारच्या तक्रारी येतात आणि त्यांचा अर्थ अगदी वेगळा. ‘रीड एरर’ आली तर डिस्क नीट लिहिली गेली नाही. ‘मिसकम्पेअर’ आली तर डिस्क वाचता येतेय, पण वाचलेलं मूळ फाइलशी जुळत नाही. डिस्कवरच्या प्रत्येक तुकड्यासोबत चूक सुधारणारी जादा माहिती असते. त्यामुळे खराब डिस्क सहसा वाचायलाच नकार देते, गुपचूप चुकीचा डेटा देणं तिच्या स्वभावात नाही. मिसकम्पेअर आला की डिस्कला दोष न देता रॅम तपासा, केबल बदला, यूएसबी डबी बदलून पाहा. रॅमची एक बिघडलेली पट्टी महिनोन्महिने लक्षात येत नाही आणि अशी डिस्क लिहिताना उघडी पडते.

आधी चाचणी घ्यायची असेल तर ‘टेस्ट मोड’ आहे, पण तो सीडी आणि डीव्हीडी-आरपुरताच. डीव्हीडी+आरच्या रचनेतच अशी सोय नाही, तिथे पहिला प्रयत्न खराच असतो.

कॉम्प्युटरवर चालणारी डीव्हीडी टीव्हीखालच्या जुन्या प्लेअरवर चालत नसेल, तर डीव्हीडी+आर वापरा आणि लिहिण्याआधी पुस्तकाच्या चिन्हाच्या बटणातून ‘बुक टाइप’ (डिस्क कुठल्या प्रकारची हे सांगणारी नोंद) डीव्हीडी-रॉम करा. प्लेअरला ती छापील डिस्क वाटते. डीव्हीडी-आरवर हे करता येत नाही, आणि डीव्हीडी+आरवरही ड्राइव्हने साथ दिली तरच.

जिथे तो कमी पडतो

ऑडिओ सीडी बनवणं विनाकारण किचकट आहे. गाणी थेट ओढून टाकता येत नाहीत, आधी ‘क्रिएट क्यू फाइल’मधून क्यू फाइल (गाण्यांची क्रमवार यादी) बनवावी लागते. एमपी३ किंवा फ्लॅक उघडणं विंडोजवरच्या डायरेक्टशो फिल्टरवर (अशा फाइली उलगडणाऱ्या भागांवर) अवलंबून, ते नसतील तर गाणं नाकारलं जातं. नुसती गाण्यांची सीडी हवी असेल तर दुसरा कुठलाही साधा प्रोग्राम बरा. सेटिंग्जची पानं तर इतकी आहेत की चुकून एखादी खूण बदलली तर शोधणं मुश्कील. शंका आली की ‘रीस्टोअर डिफॉल्ट्स’ दाबून मोकळं व्हावं. बर्न संपल्यावर एक धून वाजते, तीही रात्रीच्या शांततेत दचकवणारी, पण सेटिंग्जमधून ती बंद करता येते.

लेखनाचा दर्जा किती चांगला, हे मात्र इम्गबर्न सांगत नाही. व्हेरिफाय पास झालं म्हणजे आज, या ड्राइव्हवर, डिस्क वाचता आली, एवढाच त्याचा अर्थ. डिस्कवरच्या बारीक चुका मोजायला नीरो डिस्कस्पीडसारखं साधन आणि मोजणी देणारा ड्राइव्ह लागतो. तिथे पीआय चुका (वाचताना ड्राइव्हला सापडणाऱ्या बारीक चुका) सलग आठ ब्लॉकमध्ये २८० च्या आत राहायला हव्यात. वर्षानुवर्षं ठेवायच्या डिस्कची ही मोजणी लिहिल्यावर लगेच आणि पुन्हा वर्षाने करावी. आकडा चढत असेल तर डिस्क अजून वाचता येतेय तोवरच ‘क्रिएट इमेज फाइल फ्रॉम डिस्क’ने तिची इमेज काढून घ्या.